तेवढं सांगा ना

लेकीला घरी आणणारी शाळेची व्हॅन अजून आली नाही म्हणून रेवतीने व्हॅनवाल्या यशवंतकाकांना पुन्हा फोन लावला. या वेळी त्यांनी उचलला.

“ताई, गाडी चालवतोय. पोचल्यावर बोलतो.”

“कुठवर आलात तेवढं सांगा ना! सईला क्लासला उशीर होतोय.”

“उड्डाणपुलाच्या...” काकांचा आवाज तुटला. करकचून ब्रेक लागला आणि मागोमाग मुलांच्या किंकाळ्या ऐकू आल्या.

दवाखान्यात लेकीच्या पायाला प्लास्टर घालून झालं, तशी रेवतीच्या नवऱ्याने डोक्याला पट्टी बांधलेल्या काकांची कॉलर धरली. “पोरं गाडीत असताना फोन घेतोस? कोणाशी बोलत होतास?”

काकांनी एकदा रेवतीकडे पाहिलं. ती सईच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत राहिली.

“चुकलं, साहेब,” ते म्हणाले.

“दुसरी व्हॅन बघ,” नवरा रेवतीला म्हणाला.

“बघते,” ती म्हणाली.