उतरायची वाट

भिंगारच्या हायस्कुलात भूगोल शिकवणाऱ्या सुमंत मास्तरांनी अख्खा पावसाळा नकाशावर घालवला होता. अकोले तालुक्याच्या डोंगरात इकडून चढायचं, माथ्यावर दोन मुक्काम करायचे आणि पलीकडच्या घळीतून उतरायचं. तांबड्या पेन्सिलीची रेघ मोठी झोकात बसली होती. तालुक्याच्या साहेबांचा परवानाही खिशात होता. राहिली होती ती पायथ्याच्या चौकीवरची नोंद.

जंगलखात्याचे गार्ड गहिनीनाथ यांनी वही पुढे सरकवली. एका रकान्यात चढणाऱ्याचं नाव आणि वाट, दुसऱ्यात परत आल्याची सही. मास्तरांनी आपलं नाव लिहिलं आणि सहज मागची पानं चाळली. १९६० सालापासून, म्हणजे गेल्या दहा वर्षांत, घळीची वाट मागणारे नऊ जण होते. नऊही जणांचा सहीचा रकाना कोरा होता.

मास्तर हसले. "साहजिक आहे. पलीकडे उतरलेला माणूस एका सहीसाठी वळसा घालून इथं कशाला येईल?"

"तालुक्याचं सायेब बी तेच म्हनत्यात," गहिनीनाथांनी शिक्का उमटवला. "म्हनून मी कुनाला अडवत न्हाई."

बाहेर चौघे मित्र सॅक पाठीला लावून उभे होते. मास्तर उंबऱ्यापर्यंत पोचले, तेव्हा गहिनीनाथ वही मिटता मिटता म्हणाले, "घळीच्या तोंडालाच माझी थोरली बहीन दिलीया, मास्तर. ती वाट तिच्या परसात उतरती. वाटंवरच मेथीचा वाफा केलाय तिनं. अकरा वर्सं झाली, एक काडी कुनी तुडवली न्हाई."