बरकतपुऱ्यातली कॅमेलिया

श्रीकांत आत आला तेव्हा भागूबाई स्वेटर घालून, कानाला मफलर गुंडाळून पालक निवडत होत्या. बाहेर दसऱ्याचं ऊन डोकं भाजत होतं.

"बरं नाही का, मावशी?"

"मला काय धाड भरली? झाडाला पाणी पाहिजे."

खुलासा त्यांच्या नवऱ्यानं, किशनरावांनी केला. बोअरचं जड पाणी कॅमेलियाला सोसत नाही, पानं पिवळी पडतात. एसीतून ठिबकणारं पाणी मात्र तिला मानवतं. त्यामुळे या घरात एसी बंद करायची पद्धत नव्हती.

"त्यात घरही गार होतं," किशनराव म्हणाले. हा फायदा त्यांच्या उशिरा लक्षात आला असावा.

"चहाच्या जातीचं झाड म्हणून आणलं," भागूबाई पालकाशी बोलल्यासारखं बोलल्या. "इतकी वर्षं झाली. अजून कपभर चहा नाही."

किशनरावांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते बँकेत मॅनेजर होते. सही तपासल्याशिवाय त्यांनी जन्मात कोणाचं काही खरं मानलं नव्हतं. आणि काल संध्याकाळी गल्लीनं त्यांनाच खोटं ठरवलं होतं. थंड मुलखातलं, शरदात फुलणारं हे झाड हैदराबादेत फुललं, म्हणून त्यांनी फुलाचा फोटो गल्लीच्या ग्रुपवर टाकला. 'नेटवरून उचलला,' असं एकानं लिहिलं. बाकीच्यांनी हसरे चेहरे टाकले. ग्रुपचा अ‍ॅडमिन श्रीकांत. त्यानं अफवाबंदीच्या नियमाखाली फोटो काढून टाकला. रात्रभर किशनराव कूस बदलत राहिले. शेवटी त्यांनी श्रीकांतला फोन केला: समक्ष या, डोळ्यांनी बघा, आणि ग्रुपवर तसं लिहा.

"चला," ते म्हणाले आणि पाहुण्याला मागच्या अंगणात घेऊन गेले.

कुंडीला ओलं गोणपाट गुंडाळलेलं होतं. वर छत्री बांधलेली होती. झाडावर हिरव्या कळ्या होत्या. फूल नव्हतं.

किशनरावांनी छत्रीच्या आतही बघितलं.

"भागू!"

"ओरडता कशाला? आज अशोक विजयादशमी. तुम्ही सकाळीच बाबासाहेबांच्या पुतळ्याकडं गेला, घरची वंदना मी केली."

"अगं, पण ते फूल..."

"घरातल्या झाडाचं पहिलं फूल कोणापुढं ठेवायचं असतं? ग्रुपपुढं?"

ही रीत किशनरावांच्या आईनं घातलेली होती, आणि आजवर मिरचीच्या फुलालाही त्यांनी ती चुकू दिली नव्हती.

बैठकीत बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे स्टीलच्या वाटीत ते फूल होतं. फिकट गुलाबी. पाकळ्यांच्या कडा जराशा मुरडलेल्या, मधोमध पिवळ्या केसरांचा झुबका. किशनरावांची छाती आपोआप वर आली. त्यांनी ती तशीच धरून ठेवली.

श्रीकांतनं चष्मा पुसला आणि तो वाकून बराच वेळ बघत राहिला.

"काका, सुंदर आहे. अगदी सुंदर. पण प्रॉब्लेम तोच आहे."

"कोणता?"

"इतकं सुंदर आहे की प्लास्टिकचं वाटतं. झाडावर असतं तर गोष्ट वेगळी. अफझलगंजच्या बाजारात अशी प्लास्टिकची फुलं ढिगानं मिळतात. लोक मला विचारणार, अ‍ॅडमिननं काय बघितलं? वाटी?"

"वास घ्या."

श्रीकांतनं घेतला. "आहे हलकासा. पण हल्ली वासही मारून देतात हो."

"देठ बघा!"

"देठ तर फारच हुबेहूब करतात."

"मग हात लावून बघा!"

"नक्को!" भागूबाई पालकाची जुडी घेऊनच उठल्या. "वंदनेचं आहे ते."

किशनरावांनी मूर्तीकडे पाहिलं. तिकडून हरकत दिसली नाही.

"लावा म्हणतो ना!"

श्रीकांतनं एक बोट पुढे केलं आणि दारावरचा ओला रंग तपासावा तसं फुलाला टेकवलं.

एक पाकळी गळली. मग शेजारची. मग कसलाही आवाज न करता उरलेल्या सगळ्या पाकळ्या सुट्या होऊन वाटीतल्या पाण्यावर आणि टेबलावर पसरल्या. देठावर नुसता पिवळा झुबका राहिला. श्रीकांतचं बोट हवेतच होतं.

"काका... मी जोर नाही लावला हो. शप्पथ. नुसतं टेकवलं..."

भागूबाईंनी नवऱ्याकडे बघितलं आणि पालकाची जुडी खाली ठेवली. काही झालंच तर हात मोकळे असलेले बरे.

किशनराव वाकले. टेबलावरची एक पाकळी त्यांनी चिमटीत धरली. ती चिमटीतच चुरगळली आणि बोटाला ओल लागली. ते बोट त्यांनी श्रीकांतच्या नाकासमोर धरलं. श्रीकांतनं मान हलवली: मान्य.

किशनराव फाटकाकडे निघाले. चप्पल घालायची त्यांना शुद्ध नव्हती.

"ओ एकनाथराव! बाहेर या! मोडलं!"

समोरच्या गॅलरीत एकनाथराव धावत आले. "काय मोडलं? कोण पडलं?"

"फूल मोडलं! अ‍ॅडमिनच्या बोटानं! नुसतं टेकवलं तर पार गळालं!" किशनरावांचा आवाज कोपऱ्यावरच्या इराणी हॉटेलापर्यंत पोचला. तिथली माणसंही कप घेऊन बाहेर आली. "एक पाकळी शिल्लक नाही! या, या, सगळे बघायला या!"

शेजारची त्रिवेणी पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली. काय झालंय ते तिला कळलं नाही. पण म्हाताऱ्याचा फुललेला चेहरा बघून तिनं चौकशी केली नाही.

"मुबारक हो, काका!"

किशनरावांनी दोन्ही हात जोडले आणि फाटक सताड उघडलं.