दहापैकी किती?

"आई गं!" म्हणत बाई टेबलावर ओणव्या झाल्या, तेव्हा समोरच्या पाचही जणांनी झटकन वह्या उघडल्या.

बाईंच्या पोटात उजवीकडे खाली अशी कळ आली होती की डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण आज गुरुवार. दर गुरुवारी दुपारी बाई रोगी व्हायच्या आणि दवाखान्यातली मंडळी त्यांना इंग्रजीतून प्रश्न विचारायची. दवाखाना बंदरावरचा. देशोदेशीचे खलाशी यायचे आणि त्यांचं कुठे काय दुखतंय हे इथे कुणालाच कळायचं नाही. म्हणून चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या बाई, मुलगा नको नको म्हणत असताना, तीन महिने परदेशात फुकट शिकवायला आल्या होत्या.

"मी खरंच आजारी आहे," बाई इंग्रजीत म्हणाल्या. "डॉक्टरांना बोलवा."

सगळे कौतुकाने हसले. गेल्या गुरुवारीही बाई हेच म्हणाल्या होत्या. हृदयविकाराचा झटका त्यांनी इतका हुबेहूब वठवला होता, की औषधं देणारा धावत वर गेला आणि डॉक्टरांना भरल्या ताटावरून उठवून घेऊन आला. डॉक्टरांचा पारा असा चढला म्हणता! पुन्हा नाटकापायी मला बोलावलंत तर वर्ग कायमचा बंद, अशी त्यांनी तंबी दिली. वर्ग तर सगळ्यांनाच हवा होता. त्यामुळे आज काय वाटेल ते झालं तरी जिना चढायचा नाही, असं मंडळींनी आधीच ठरवून टाकलं होतं.

"कधीपासून दुखतंय?" रुग्णवाहिकेच्या चालकाने वहीत बघून विचारलं.

"सकाळपासून! अहो, नाटक नाहीये हे!"

"जेवणाआधी जास्त दुखतं की जेवणानंतर?"

"आधी ती वही मिटा आणि माणसाकडे बघा," बाई कळवळत म्हणाल्या. "चार."

चालकाने निमूटपणे चार लिहून घेतले. मार्कांच्या बाबतीत बाई महाकंजूष. त्यांच्याकडून दहापैकी सात मिळाले म्हणजे डोक्यावरून पाणी. पोटच्या मुलालासुद्धा त्यांनी कधी साडेसहाच्या वर चढू दिलं नव्हतं, आणि तो आज मोठा इंजिनियर होता.

औषधं देणाऱ्याने ताप आहे का विचारलं, पण कपाळाला हात काही लावला नाही. पाच. धाकट्या नर्सने वेदनेने पिळवटलेल्या बाईंना आधी पूर्ण पत्ता विचारला. साडेतीन. मोठ्या नर्सबाई म्हणजे वर्गाच्या मॉनिटर. त्यांनी बाईंच्या मानेवरून निथळणारा घाम पाहिला आणि त्या थक्कच झाल्या.

"घामसुद्धा! काय अभिनय आहे!" त्या म्हणाल्या आणि टाळ्या वाजवू लागल्या. बाकीच्यांनीही वाजवल्या.

आता मात्र बाई घाबरल्या. सरळ उभ्या राहायला गेल्या आणि मटकन जमिनीवर बसल्या. परक्या मुलखात, आपणच तयार केलेल्या विद्यार्थ्यांसमोर, टाळ्यांच्या कडकडाटात आपण मरणार हे त्यांना स्वच्छ दिसू लागलं. मुलाला फोनवर काय सांगणार ही मंडळी? शेवटचा प्रवेश फार रंगला म्हणून?

उरली होती केसपेपर काढणारी मुलगी. भयंकर लाजाळू. दोन महिन्यांत तिच्या तोंडून इंग्रजीचं एक वाक्य धड बाहेर पडलं नव्हतं. तिने वही बाजूला ठेवली, बाईंच्या शेजारी जमिनीवर बसकण मारली आणि त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"घाबरू नका," ती इंग्रजीत म्हणाली. "मी आहे ना इथे."

हे वाक्य वहीत नव्हतं. बाईंनी ते कधी शिकवलंच नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि क्षणभर त्या पोटातली कळही विसरल्या.

"दहा," त्या हुंदका आवरत म्हणाल्या. "दहापैकी दहा!"

चालकाच्या हातातलं पेन गळून पडलं. मोठ्या नर्सबाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"स्ट्रेचर आणा! डॉक्टरांना बोलवा!" त्या किंचाळल्या. "टीचर भ्रमात बरळायला लागल्या!"