आईची नाडी

“हात आहेत की बर्फ?” असं म्हणत वॉर्डातल्या म्हाताऱ्या बाईंनी सकाळी आपलं मनगट मागे ओढून घेतलं होतं. केतकी ओशाळली. नर्सिंगच्या डिग्रीसाठी लीड्सला आल्यापासूनची ही तिची पहिलीच थंडी. मग ड्यूटी संपेपर्यंत तिने तळवे चांगले चोळल्याशिवाय एकाही पेशंटला हात लावला नाही.

दुपारी खोलीवर आल्या आल्या तिने व्हिडिओ कॉलवर हे आईला सांगितलं. तिकडे चिपळूणला रात्रीच्या जेवणाची वेळ होत आली होती आणि आई दुसऱ्या दिवशीच्या उसळीसाठी वाल सोलत बसली होती. तिने पदराला हात पुसला आणि मनगट फोनसमोर धरलं.

“जगाच्या नाड्या बघतेस, माझी बघ की.”

“आई, फोनवर कशी लागेल नाडी?”

“बघ तरी.”

आईने हिरव्या बांगड्या मागे सारून मनगट आणखी जवळ आणलं. केतकीने सवयीने तळवे चोळले, त्यांना तोंडाची वाफ दिली आणि तीन बोटं स्क्रीनवर टेकवली. काचेखाली ठोका लागणार नव्हताच. तरी भिंतीवरच्या घड्याळातला सेकंदकाटा एकदा पूर्ण फिरला, मग आणखी एकदा फिरला.

“झालं का गं?”

“मोजताना चुकलं. पुन्हा मोजते,” केतकी कशीबशी म्हणाली.

आईने हात तसाच धरून ठेवला. “मोज सावकाश. मला कुठे जायचंय.”