शहाण्णव किलो चारशे

"शहाण्णव किलो चारशे," नर्स म्हणाली आणि तिने आकडा कागदावर लिहिलासुद्धा.

"काटा चुकतोय," तो म्हणाला.

तो काटेवाला. सव्वीस वर्षं दुकानादुकानांतून वजनकाटे दुरुस्त करत फिरलेला माणूस, त्यामुळे त्याचं म्हणणं नर्सलाही एकदम उडवून लावता येईना. भिंतीशी खुर्चीवर त्याची धाकटी बहीण बसली होती. तिच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनवर जायचं, तेव्हा कुठे पुढचे दोन दिवस ढकलता यायचे. हा तिला आपली एक किडनी देणार होता. रक्त जुळलं, बाकीचंही सगळं जुळलं. डॉक्टरांची अट एकच, नव्वदच्या खाली या. ऑपरेशन पुढच्या सोमवारी ठरलं होतं.

"मागच्या महिन्यात याच काट्यावर एक्क्याण्णव भरले होते तुम्ही," नर्स म्हणाली.

"मग मधे बिघडला असेल. यंत्र आहे, बिघडतं. पाच मिनिटं द्या, मी बघतो."

"नाचता येईना, अंगण वाकडं," बहीण हसून म्हणाली. पण काटाच चुकलेला निघावा, असं तिलाही मनापासून वाटत होतं. ती खुर्चीच्या कडेवर सरकून बसली.

तो खाली गाडीकडे गेला. मागच्या बाजूला त्याची तपासणीची लोखंडी वजनं असत. पुढच्या सीटवर तासाभरापूर्वी रिकामा केलेला बिस्किटांचा पुडा होता. तो त्याने आधी चुरगाळून सीटखाली कोंबला आणि मग वीस-वीस किलोची दोन वजनं उचलली. लिफ्ट बंद होती. दोन मजले चढून तो वर आला तेव्हा त्याचा श्वास भात्यासारखा चालला होता. नर्सने खुर्ची पुढे केली, ती त्याने घेतली नाही.

गुडघे टेकून तो काट्याशी बसला. बसताना पोट मधे येत होतं. पहिलं वजन ठेवलं. वीस किलो, शून्य ग्रॅम. ते उचलून चारी कोपऱ्यांवर ठेवून पाहिलं. वीस, वीस, वीस, वीस. दुसरं ठेवलं. चाळीस, शून्य. खालचे पाय फिरवून पाहिले, रुमालाने वरची काच पुसली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. इतका वेळ त्याने कुठल्या गिऱ्हाइकाच्या काट्याला दिला नव्हता.

"भरलं का मनासारखं?" नर्सने विचारलं. तिला आता त्याची दया येत होती.

"काटा बरोबर आहे," तो म्हणाला.

लोकांचे काटे रोज तपासणारा हा माणूस महिनाभर स्वतःच्या घरच्या काट्यावर चढला नव्हता. त्याची गिऱ्हाइकं सगळी खाण्याचीच. बेकरीवाला, वाणी, फळवाला, फरसाणवाला. दुरुस्त झालेल्या काट्यावरचं पहिलं वजन काटेवाल्याच्या हातावर ठेवायचं, अशी त्यांची जुनी रीत. पाव किलो शेंगदाणे, अर्धा किलो केक, जे दुकानात असेल ते. पूर्वी तो ते घरी आणायचा. हा महिनाभर घरी काही आलं नाही. बहिणीला मशीनवर सोडलं की तो गाडीच्या काचा वर करून खायचा, पोट दुखेपर्यंत खायचा आणि मग स्वतःला शिव्या घालायचा. नको म्हणायला जीभ रेटतच नव्हती.

"सोमवारची तारीख काही आता होत नाही," नर्स हळूच म्हणाली. "तीन महिन्यांनी बघू म्हणतील. मी डॉक्टरांना विचारून येते."

ती दार लोटून गेली. तीन महिने हे तिने सहज म्हटलं. बहिणीच्या हाताच्या शिरा आताच दगा देत होत्या. परवा सुई लागायला पाऊण तास गेला होता.

तो काट्यापाशी तसाच बसून राहिला. उठायला त्याला कुणाचा तरी हात लागायचा आणि खोलीत बहिणीशिवाय दुसरं कुणी नव्हतं. तिने येऊन हात पुढे केला. मनगटापासून कोपरापर्यंत काळानिळा झालेला हात.

"राहू दे, तूच पडशील," तो म्हणाला.

मग तीच त्याच्याजवळ फरशीवर बसली.

"दादा, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार की."

"तुला द्यायची नाहीये का?" तिचा आवाज अगदी साधा होता. "भीती वाटत असेल तर सांग. मी रागावणार नाही. आईलाही कळू देणार नाही. पण हे असं खाऊन खाऊन नको सांगूस रे."

नाही गं, तसं नाही, एवढंच त्याला म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आलेही होते. पण खरंच तसं नाही का, हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. पोटातून ती ओळखीची आग उठली. बहीण समोर उत्तराची वाट बघत बसली होती आणि त्याला कडकडून भूक लागली होती.