खांबापर्यंत

मुतखड्याच्या ऑपरेशननंतर शेवंतीच्या म्हाताऱ्या कुत्र्याने, भुऱ्याने, कालपासून लघवी केली नव्हती. "संध्याकाळपर्यंत झाली नाही तर पुन्हा भूल द्यावी लागेल, आणि या वयात तो त्यातून उठेलच असं नाही," डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं. घरात तो कधीच करायचा नाही आणि बाहेर सकाळपासून पाऊस कोसळत होता. शेवंतीने त्याला पुन्हा चाळीच्या जिन्यावरून खाली आणलं. गार वारा अंगावर येताच तो दारातच थरथरत मागे सरला. मुलगा गौतम पट्टा ओढू लागला. "ओढू नको रे, टाके तुटतील!" ती ओरडली. "मग काय करू, आई? पाच वाजले." शेवंतीने पट्टा सोडायला लावला, छत्री त्याच्या हातात दिली आणि अनवाणी अंगणात उतरली. भुऱ्याच्या रोजच्या खांबाशी जाऊन ती पाठमोरी उभी राहिली. साडी अंगाला चिकटली, दात वाजू लागले, पण तिने हाक मारली नाही. मागे भुऱ्या केकाटला आणि मग गप्प झाला. चाळीच्या वरच्या गॅलरीत जमलेल्या शेजारणी कठड्यावरून वाकून पाहू लागल्या. वळून पाहायचा तिला धीर होईना. थोड्या वेळाने एक ओलं अंग तिच्या पोटरीला घासलं. "कर माझ्या राजा, सावकाश कर," ती पुटपुटली. एवढ्या पावसात काही दिसणं शक्यच नव्हतं, पण गारठलेल्या पावलावर तिला कोमट धार जाणवली. पाऊल जराही न हलवता तिने वर गॅलरीकडे पाहिलं आणि रडत ओरडली, "करतोय गो, करतोय!"