तीन रेघांची अंडी

चोविसाव्या काचेवर गाठ दिसली आणि सूक्ष्मदर्शकावरचा थोरलीचा हात जागीच थिजला.

टर्कीची चोवीस अंडी, तीन ट्रे, दर ट्रेमध्ये आठ. पहिल्या ट्रेमधल्या अंड्यांवर पेन्सिलीची एक रेघ, दुसऱ्यातल्यांवर दोन, तिसऱ्यातल्यांवर तीन. एका ट्रेला नुसतं मिठाचं पाणी टोचलेलं, एकाला कॅन्सर करणारं म्हणून सगळ्यांना ठाऊक असलेलं विष, आणि एकाला तिच्या बाबांच्या हौदातला निळा रंग. कुणाला काय टोचलं त्याची चिठ्ठी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमच्या ड्रॉवरमध्ये कुलपात होती. "बाप तुझा, डोळेही तुझे, तेव्हा चिठ्ठी तरी माझ्याकडे राहू दे," असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. पिलं कवच फोडणार त्याच्या चार दिवस आधी थोरलीने अंड्यांना हात जोडले आणि गारठवून सगळ्यांची वाढ थांबवली. मग पिलांच्या इवल्याशा यकृतांच्या पातळ चकत्या कापून काचांवर बसवल्या. एक रेघ, आठही स्वच्छ. दोन रेघा, आठांपैकी सातांत गाठींचे दाणे. तिसराही ट्रे स्वच्छ निघाला की गाठी विषाच्याच ठरणार आणि रंग निर्दोष सुटणार. तिसऱ्यातल्या सात काचा स्वच्छ निघाल्या होत्या.

आणि आठवीच्या काठाशी हे. गडद, दाट, वळलेलं.

घरी बाबा गेला महिनाभर उंबऱ्याशी उभे होते. बत्तीस वर्षं सूत रंगवून हात कोपरापर्यंत निळे झालेले. नखं निळी, रेषा निळ्या. या निळ्या भुकटीनं कॅन्सर होतो, असं कुणीतरी रंगाऱ्यांच्या गल्लीत बोललं आणि त्याच आठवड्यात थोरलीच्या धाकट्या भावाला मुलगी झाली. बाबांनी साबणाच्या तीन वड्या झिजवल्या. साबण संपला, रंग हलला नाही. तेव्हापासून ते खोलीच्या दाराशी यायचे, हात पाठीमागे बांधून नातीकडे बघायचे आणि गुणगुणायचे. आत पाऊल नाही.

"बाबा, शाळेत शिक्षा झाल्यासारखे काय उभे राहता? घ्या की तिला," सूनबाई म्हणायची.

"तुझी नणंद अंड्यांना विचारतेय ना? अंडी हो म्हणू देत. मग घेतो."

थोरलीने पुन्हा डोळा लावला, गाठ तिथंच होती. सात स्वच्छ काचा क्षणभर तिच्या खिजगणतीतही उरल्या नाहीत. एवढी एक दिसली नाही असं म्हणायचं, वहीत 'स्वच्छ' लिहायचं आणि घरी जायचं. कोण बघणार होतं? तिने पेन उचललं. मग तसंच खाली ठेवलं आणि हाक मारली, "मॅडम, जरा येता?"

मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला, डोळा लावला. एकदा भिंग फिरवलं, दुसऱ्यांदा फिरवलं. थोरली देवाचं नाव घेत खिडकीबाहेर बघत राहिली.

"किती वर्षं झाली गं तुला या कामात?"

"अकरा."

"आणि अजून गाठ आणि घडी यांतला फरक कळत नाही? चकती काचेवर बसवताना दुमडलीय. हात थरथरला होता ना?"

थोरलीने मान हलवली.

"माझ्या शब्दावर जाऊ नकोस. त्याच यकृताची दुसरी चकती काप. आणि आधी चहा घे, नाहीतर तिचीही घडी करशील."

दुसरी चकती काचेवर सपाट बसली. काठापासून काठापर्यंत स्वच्छ. मॅडमनी ड्रॉवर उघडला आणि चिठ्ठी वाचली. एक रेघ, मीठपाणी. दोन रेघा, विष. तीन रेघा, निळा रंग. "अंडी सगळंच सांगत नाहीत, आणखी तपासण्या आहेत," त्या म्हणाल्या, "पण आजचा कौल चांगला आहे. बाबांना म्हणावं, हौदात हात घालताना हातमोजे घाला. नातीला घेताना नकोत."

थोरली घरी पोचली तेव्हा बाबा दाराशीच होते, हात पाठीमागे.

"बाबा, गाठ नाही! तुमच्या रंगाच्या आठांपैकी एकातही नाही!"

बाबांनी एकदा आत नातीकडे बघितलं. मग म्हणाले, "अंडी किती होती एकूण?"

"चोवीस."

"चोवीस जीव. आपल्या एका पिल्लासाठी." त्यांनी डोळे मिटले, पाठीमागचे हात पुढे आणले आणि जोडले. मग तेच निळे हात तसेच पुढे करून त्यांनी उंबरा ओलांडला. सूनबाईने पिल्लू त्यांच्या ओंजळीत ठेवलं. पिल्लाने एकवार आजोबांकडे बघितलं, जांभई दिली आणि त्यांचं सगळ्यात निळं बोट मुठीत घट्ट आवळलं.

बाबांनी सोडवायचा प्रयत्न केला. मूठ सुटेना. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

"गाठ नाही म्हणतेस होय गं?" ते थोरलीला म्हणाले. "अगं, आत्ता कुठं आमची गाठ पडली!"